सोलापूरजवळ ८-१० किलोमीटरची गोल पायी फेरी, झाडी आणि रान दोन्ही असलेली?

जुळेकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दर रविवारी सकाळी घरातल्या चौघांनी मिळून चालायला जायचं, असं दिवाळीत ठरलं होतं आणि आता मार्गशीर्ष आला तरी आम्ही विजापूर रोडच्या पलीकडे गेलेलो नाही. वनविहार झाला, स्मृतिवन झालं, संभाजी तलाव झाला. लेकीला (सहावी) तिथली बाकडीसुद्धा पाठ झालीत.

आता जरा लांब जायचं आहे. साधारण ८ ते १० किलोमीटर, फार चढ-उतार नको, पण अगदी डांबरी रस्त्याच्या कडेने रटाळ चालणंही नको. थोडी झाडी असावी, थोडं मोकळं रान असावं. आणि लेकीची ठाम अट म्हणजे गेलो त्याच वाटेने परत यायचं नाही, निघालो तिथेच गोल फिरून पोचायचं. सासरे बरोबर असतील. वय ६६, रोज पहाटे तासभर चालतात, दम लागत नाही, पण डावा गुडघा उतरताना कुरकुरतो.

प्रश्न असे. अशी वाट आहे का? शेतांमधून जाताना कुणी हटकतं का? नान्नजच्या बाजूला लांडगे आहेत म्हणतात, लेकीला घेऊन जावं का? आणि बायकांच्या सोयीचं काय करता? हा प्रश्न पुरुष मंडळी कधी विचारत नाहीत म्हणून मीच विचारते.

कडकभाकरी

ओ ताई, सोलापुरात झाडी कशाला शोधलालाव? इथं सावली मिळती ती फक्त बाजारात मांडवाखाली.

गंमत सोडा. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे की. एकरुख तलाव म्हणतात तोच. १८७१ चा, इंग्रजाच्या काळातला. हिवाळ्यात पक्षी येतात, वारा असतो, बांधावरून चाललं की मस्त वाटतं. पोरीला घेऊन जावा, येताना शेंगाची चटणी घ्या आणि घरी या. गोलच फिरायचं असेल तर संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेकाला निघतात, त्यांच्या मागं चाला. गावाला प्रदक्षिणा घालायचा सोलापूरचा रिवाज त्याच्याएवढा जुना दुसरा नाही.

साखळी-आणे

ताई, मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीभर या जिल्ह्याची रानं साखळी आणि फळी घेऊन तुडवली, आता निवृत्त आहे आणि तीच रानं हात हलवत तुडवतो. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

हिप्परग्याबद्दल आधी. तलाव छानच आहे, पण गोल फेरी म्हणून त्याचा उपयोग नाही. बांध संपला की मागच्या बाजूला पाण्याची कड दरवर्षी वेगळी, पाणी हटेल तसे लोक गाळात पेरतात, वाट अशी राहतच नाही. जाल तितकंच परत यावं लागतं. लेकीची अट मोडते.

गोल फेरी शोधायची तर मोबाइलमधला नकाशा मिटवा. त्यात डांबर दिसतं, वाटा दिसत नाहीत. गावनकाशा काढा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गट दिसतात, पण मला जुन्या गावनकाशाची नक्कल लागते, ती तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. त्यावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीरस्ता, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. हे सव्वा-साडेचे आकडे कुठून आले, असं नवीन लागलेली पोरं विचारायची. आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. ३३ गुणिले ३३ केलं की १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. रस्ता, वाट, गुंठा, सगळं त्या एकाच साखळीतून निघालेलं आहे.

प्रत्यक्ष जागेवर साडेसोळा फुटांतले सात-आठ फूट उरलेले दिसतील. दोन्ही बाजूंनी नांगराचा एकेक तास दरसाल आत येतो आणि गाडीरस्त्याची मोटारसायकलवाट होते. त्यावरून कुणाशी भांडू नका, ते काम तहसीलदाराचं. पण नकाशावर रेघ आहे तोवर त्या वाटेने चालायला कुणाला विचारावं लागत नाही, हे मनात पक्कं असू द्या. विचारायचं असतं ते बांधावरून जाताना. बांध दोन खातेदारांचा असतो, आणि पीक उभं असताना मी स्वतः बांधावर पाय ठेवत नाही.

आता गोल कसं जमवायचं. एका गावाच्या नकाशावर ते जमत नाही, शेजारच्या गावाचा नकाशा त्याला जोडावा लागतो. आपल्या सपाट मुलखात गावठाणापासून गाडीरस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे फुटतात आणि दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा शिवरस्ता ही त्या चाकाची धाव. एका आऱ्याने बाहेर जायचं, धावेवरून थोडं फिरायचं, दुसऱ्या आऱ्याने गावात यायचं. इतकंच. अंतरासाठी दोरा वापरतो. माझ्याकडच्या जुन्या नक्कलांचं प्रमाण ८ इंचाला १ मैल आहे. नऊ किलोमीटर म्हणजे साडेपाच मैलांहून थोडं जास्त, म्हणजे नकाशावर ४५ इंच. तेवढा दोरा कापायचा आणि वाटांवरून फिरवायचा, टोकाला टोक लागलं की फेरी बसली. लेकीला हे काम द्या. नकाशा पसरून दोन तास गप्प बसेल.

फेरी कोणत्या बाजूने फिरायची याला आपल्याकडे फार महत्त्व आहे आणि लोक नेमकं उलटं करतात. झाडी दिसली की आधी तिकडे वळतात. सकाळी सातच्या गारठ्यात सावलीतून कुडकुडत जातात आणि दहा वाजता उघड्या माळावर येऊन ऊन खातात. सोलापूरचं ऊन डिसेंबरातसुद्धा दहानंतर ऊनच असतं. तेव्हा माळ आधी, झाडी नंतर. आणि निघताना तोंड पश्चिमेला हवं. सूर्य पाठीशी राहतो, समोरचं सगळं उजेडात दिसतं, हरणाची शिंगंसुद्धा लांबून मोजता येतात. परत येताना सूर्य तोंडावर येतो, पण तोवर तुम्ही झाडीत असता. ज्या गावाला पश्चिमेकडे माळ आणि परतीच्या वाटेवर ओढा आहे, ते गाव निवडायचं.

मी ज्या फेरीला वरचेवर जातो ती बार्शी रोडच्या पट्ट्यातली, नान्नजच्या आसपासची. माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेरून जाते. मारुतीच्या देवळापासून निघालं की पहिला दीड किलोमीटर काळं रान. दोन्हीकडे मालदांडी ज्वारी, आता निसवत आलेली, माणूस उभा आत गेला तर दिसत नाही. ज्वारीत करडईचे पाटे असतात आणि कडेलाही करडईच, कारण काट्यामुळे गुरं आत तोंड घालत नाहीत. वाटेच्या बाजूने हात मोकळे सोडून चालू नका, करडई ओरखडे काढते. कणसं भरायला लागली की भोरड्यांचे थवे उतरतात, मग रानारानांतून हाळ्या आणि गोफणीचे आवाज. गोफणीचा दगड कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून राखण चाललेली दिसली की आपणही एक हाळी द्यावी, वाटेवर माणूस आहे एवढं कळलं पाहिजे.

मग पायाखालची माती बदलते. हे बघण्यासारखं असतं, आणि घाईने जाणाऱ्याला दिसत नाही. काळी, मग करडी, मग तांबूस मुरूम, अगदी शंभर-दीडशे पावलांत. पिकंही तशीच उतरत जातात, ज्वारी आखूड होते, मग तूर, मग नुसतं गवत. सातबाऱ्यावर त्याला पोटखराब म्हणतात. खराब कशाला म्हणायचं ते कळत नाही, गुरं, मेंढरं, हरणं, सगळी त्याच्यावरच जगतात.

माळावर मारवेल आणि पवन्या यांच्याबरोबर कुसळ असतं, त्याची गंमत लेकीला दाखवा. कुसळाच्या दाण्याला एका बाजूला सुईसारखं टोक असतं आणि दुसऱ्या बाजूला लांब काळपट शेपटी. शेपटी वाळलेली असताना पिळलेली असते. तिला ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. दहिवरात आणि उन्हात असं फिरत फिरत ते बी आपलं आपण जमिनीत घुसतं. तळहातावर एक कुसळ ठेवायचं, शेपटीवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि बघत बसायचं, डोळ्यांदेखत गिरकी घेतं. जमिनीऐवजी तुमचा मोजा भेटला तर ते मोज्यात घुसतं, हा त्यातला तोटा. म्हणून लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट घाला. सासऱ्यांना पायजमा घालून येऊ देऊ नका. घरी गेल्यावर दोन दिवस वेचत बसाल.

माळाच्या माथ्यावर तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड आहे. शेंदूर लावलेला आहे, देव म्हणून नारळ फुटतो. आमच्या खात्याचा दगड आहे, पण देव झाल्यामुळे टिकला. ज्यांना शेंदूर लागला नाही ते कधीच कुणाच्या तरी विहिरीच्या कठड्यात गेले.

तिथून शिवरस्ता, साधारण दोन किलोमीटर, मग उजवीकडे ओढ्याकडे उतार. उतार म्हणजे जेमतेम दोन मजल्यांचा, पण मुरमावरून पाय घसरतो, सासऱ्यांना काठी हवी. खाली गायरानात सामाजिक वनीकरणाची जुनी लागवड आहे. कडुलिंब, करंज, सुबाभूळ आणि कडेने गिरिपुष्प. जानेवारीच्या अखेरीस गिरिपुष्पाची पानं झडतात आणि नुसत्या काड्यांवर गुलाबी फुलं येतात, तेव्हा गेलात तर सावली कमी आणि रंग जास्त. त्याच्या पुढे ओढ्याकाठचं बाभळबन. दाट जंगल डोळ्यांसमोर आणून जाऊ नका. बाभळीची सावली चाळणीतली असते, पण दहा वाजता तीही पुरते. एखादं हिवराचं झाड लागतं, बोरी आहेत, खाली बोरं पडलेली असतात, ती खायला कुणी अडवत नाही. बाभळबनात चप्पल घालून शिरलेला माणूस मी एकदाच येताना बघतो, पुढच्या खेपेला तो बूट घालून येतो.

ओढ्यातून वर आलं की गावची पांदी, मग पुन्हा मारुती. सगळी मिळून नऊ किलोमीटर, थांबत-थांबत तीन तास. सातला पाय उचलला तर दहाला गावात. पाणी माणशी दीड लिटर न्या, वाटेत विहिरी आहेत पण त्यातलं पाणी पिऊ नका.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी चाळीस गाड्या आणि एक ड्रोन. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.

कडकभाकरी

काका, दोन मजल्यांचा उतार म्हणे! सोलापुरात एवढ्याला लोक घाट म्हणतील की ओ. पण गावाचं नाव लपवून ठेवायचं तर धाग्याचा उपयोग काय आम्हाला?

साखळी-आणे

रीत सांगितली की. तुमच्या आजोळच्या गावाचा नकाशा काढा, दोरा फिरवा आणि इथे लिहा. मला बार्शी रोडचीच वाट माहीत आहे, मंगळवेढ्याची नाही.

खोकड

काकांच्या प्रतिसादाला पुरवणी. मी पक्षी बघायला त्याच पट्ट्यात जातो.

लांडगे आहेत. पण ताई, लांडग्याची काळजी करू नका. तो मेंढरांच्या मागावर असतो, माणूस दिसला की माळाच्या पलीकडे उतरतो, आणि सकाळी नऊ वाजता तुम्हाला दिसला तर तुमचं नशीब. खरी काळजी धनगराच्या कुत्र्यांची. ती लांडग्याला अडवण्यासाठीच पाळलेली असतात आणि वाड्याजवळ कुणी आलं की विचारपूस न करता अंगावर येतात. मेंढरांचा कळप किंवा जाळीचा वाडा दिसला की शंभर पावलं लांबून वळसा घाला. कुत्री धावून आलीच तर पळायचं नाही, लेकीला मधे घ्यायचं, जागेवर उभं राहून धनगराला हाक मारायची. दगड उचलायचा नाही. तो एक शीळ घालतो आणि सगळं मिटतं.

काळवीट जवळजवळ नक्की दिसतील. कळपातल्या एकाने मान वर केली की तिथेच थांबा. थांबलात तर पुन्हा चरायला लागतात, एक पाऊल पुढे टाकलंत तर सगळा कळप उड्या मारत जातो. गवतावरून अगदी खाली, वाऱ्यावर डुलत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या, हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा. मुरमाड जागेवर चार पावलं पळून थांबणारा, पुन्हा पळून थांबणारा तो धाविक. थांबला की मातीत मिसळून जातो, म्हणून नजर काढू नका. चंडोल तर पावलोपावली आहेत. माझ्या नावाचा प्राणी, म्हणजे खोकड, कोल्ह्याहून लहान असतं आणि शेपटीचं टोक काळं असतं. बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं सापडलं तर सापडलं.

माळढोक बघायचा म्हणून मात्र जाऊ नका. अभयारण्य १९७९ चं, कागदावर एके काळी जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, पुढे ते सव्वाबाराशेवर आणलं. पण पक्ष्याला लागतो तो अखंड माळ, आणि माळाचे तुकडे झाले. अभयारण्याच्या आतल्या गवतात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी घेऊन, त्यांच्या माणसाबरोबरच जा. बाहेरच्या शिवारातसुद्धा वाट सोडून गवतात शिरू नका. चंडोल, टिटव्या, धाविक, सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती दगडांतून ओळखू येत नाहीत.

जुळेकरीण

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, व्यनि मिळाला, आभार. लेकीने दोरा आत्ताच मागितला आहे.

दोन शंका. सासऱ्यांचा गुडघा मधेच दुखायला लागला तर? माळावर गाडी बोलावता येणार नाही. आणि बायकांच्या सोयीचा प्रश्न अजून कुणीच घेतला नाही. मला वाटलंच होतं.

आंबीलवाली

घेते मी. मी अक्कलकोटकडची, रानात वाढलेली. पहिल्या अर्ध्या तासात अडचण नाही, मालदांडी डोक्याच्या वर गेलेली असते, एक जण वाटेवर उभी राहिली की झालं. फक्त ज्या रानात पाणी सोडलंय त्यात शिरू नका. नंतर माळावर तास-दीड तास आडोसा म्हणून काही नाही, झुडपं गुडघ्याएवढी. ओढ्याशी पोचेपर्यंत कळ काढावी लागते. म्हणून सोलापुरातून निघताना चहा अर्धाच प्यायचा आणि महामार्गावरच्या पंपावर एकदा जाऊन यायचं. लेकीलाही बजावा. कागद-पिशव्या परत आणायच्या, हे वेगळं सांगत नाही.

आणि एक सुचवते. या रविवारी नाही जमलं तर येळवस गाठा, मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळी रानात. कडब्याची कोप (खोपी) करतात, आत पाच पांडव मांडून पूजा, मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली आंबील. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवतात, नको म्हटलं तर वाईट वाटतं. चालणं होईल चार किलोमीटर आणि जेवण होईल चार ठिकाणी. गोल फेरीचं मी सांगू शकत नाही, जेवणानंतर गोल काय सरळ चालणंही अवघड असतं.

सोनाका

माझी बाग त्याच भागात आहे, म्हणून लिहितो. नान्नज म्हणजे सोनाका या द्राक्षवाणाचं माहेर, तेवढं आमच्या हातात आहे, बाकी पाऊस देईल तसं.

चालायला या, आमची ना नाही. चालणाऱ्या माणसाचा आम्हाला त्रास होत नाही, गाडी घेऊन बांधापर्यंत येणाऱ्याचा होतो. पण चार गोष्टी ध्यानात धरा.

हुरडा मोडू नका. "एकच कणीस" असं प्रत्येक जण म्हणतो. कडेच्या ओळीला कणसं राहत नाहीत मग. खायचाच असेल तर वस्तीवर येऊन मागा, भाजून देतो, पैसेही घेणार नाही.

द्राक्षाला हात लावू नका, चोरी म्हणून नाही, औषध म्हणून. ऑक्टोबरात छाटणी झालेली असते, आता मणी हरभऱ्याएवढे असतात, आंबट ढाण. पण या दिवसांत भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी फवारण्या चालू असतात. पोरगी हात लावील आणि तोच हात तोंडाला नेईल. फवारणीचा ट्रॅक्टर चालू दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, ओळ संपेपर्यंत.

फाटक, तार, जे ज्या स्थितीत असेल तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं. मागं गुरं यायची असतात.

आणि चिखल. काका हे बोलले नाहीत. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने असते. रात्रीची पाळी असली की पहाटे तीनला मोटर चालू करून माणूस झोपतो, पाट फुटतो आणि गाडीवाट भरून जाते. काळ्या रानातला चिखल बुटाला लागला की एकेक बूट दोन किलोचा होतो, झटकून जात नाही, काडीने खरवडावा लागतो. पहिल्या दीड किलोमीटरात असा पट्टा लागला तर बूट काढून हातात घ्या आणि अनवाणी चाला, तेच सोपं. पलीकडे मुरूम लागला की पुसून घाला.

हटकायचं म्हणाल, तर आमच्याकडं माणूस "कुठनं आलाव?" असं विचारतो, ते हटकणं नव्हं. थांबून दोन शब्द बोला. न बोलता गेलात की मग शंका येते, मोजणीला आलेत का रस्त्याच्या भूसंपादनाला.

साखळी-आणे

सोनाका, चिखलाचं बरोबर आहे, मी सवयीने विसरतो. आणि भूसंपादनाचं तर शंभर टक्के. नकाशा हातात उघडा धरून चालू नका, ताई. मी नोकरीत असताना नुसता नकाशा दिसला तरी अर्ध्या तासात दहा माणसं गोळा व्हायची आणि प्रत्येकाचा बांध शेजाऱ्याने कोरलेला असायचा. लेकीला वाट लक्षात ठेवायला सांगा, नकाशा पिशवीत.

गुडघ्याचं. पूर्ण फेरी मारायचीच असं नाही. माळाचा चढ लागण्याआधी, काळं रान संपतं तिथे, एक वाळलेला कडुलिंब आहे. त्याच्यापासून उजवीकडे एकेरी तुटक रेघ, म्हणजे पायवाट निघते, ती सरळ ओढ्याकाठच्या बाभळबनात उतरते आणि मुरमाचा तो उतार टळतो. त्या वाटेने फेरी साडेपाच किलोमीटरची होते. पावसाळ्यात ती पायवाट गवताने बुजते, पण आता शेळ्यांनी मोकळी केली असेल. सासऱ्यांनी आणि तुम्ही तिथून वळावं, यजमान आणि लेक माळावरून येतील, ओढ्याच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर गाठ पडेल. त्यांना तासभर जास्त लागेल, तोवर बोरं वेचा. काठी घरूनच आणा, वाटेत तोडलेली बाभळीची काठी हाताला बोचते.

मोबाइलला माळाच्या माथ्यावर रेंज असते, ओढ्यात नसते. म्हणजे चुकामूक झाली तर वरच्यांनी खाली यायचं, खालच्यांनी फरशी सोडायची नाही, हे आधी ठरवून घ्या.

एसटीने यायचं असेल तर बार्शीच्या गाड्या सोलापूर स्थानकातून सुटतात, फाट्यावर उतरून गावात चालत यायचं, ते अंतर वेगळं धरा. गाडीने आलात तर मारुतीपुढच्या मोकळ्या जागेत लावू नका. तूर काढायचे दिवस आहेत, लोक तिथेच तूर वाळत घालतात आणि सकाळी आठला बडवायला येतात. शाळेच्या मागच्या भिंतीला लावा.